चारशे रुपये, तुळशीबाग आणि दोन तास

जूनचा तिसरा आठवडा. मुलीची शाळा सुरू झाली आणि फी, वह्या, बूट, रेनकोट, स्कूलव्हॅनचे दोन महिन्यांचे आगाऊ पैसे असं सगळं एकाच आठवड्यात निघालं, त्यात ह्यांच्या ऑफिसचा पगार लांबलेला, म्हणजे घरात कुणी उपाशी नाहीये पण दूधवाल्याला "पुढच्या सोमवारी देते हं" सांगायची वेळ आली होती. अशा दिवसांत मला एक होतं, रात्री सगळे झोपले की मी मोबाइल घेऊन शॉपिंगचं ॲप उघडते आणि बघत बसते, आणि बघता बघता काहीतरी मागवते. मागच्या वर्षी असाच एक कुर्ता मागवला होता, कुर्ता तीनशेचा पण डिलिव्हरी फ्री हवी असेल तर पाचशेच्या आसपास बिल पाहिजे म्हणून सोबत एक नको असलेली ओढणी पण घेतली. आला तेव्हा रंग फोटोतल्यासारखा नव्हता, परत केला तर पैसे बँकेत न येता त्यांच्याच वॉलेटमध्ये अडकले, आणि ते वापरायचे तर परत काहीतरी घ्या! तो आठवडाभर मला स्वतःचाच राग येत होता. मूड चांगला व्हावा म्हणून घेतलेल्या वस्तूने मूड आणखी घालवला.

म्हणून या वेळी ठरवलं की ॲप नाही, तुळशीबाग, पुण्यातला बायकांच्या बारीकसारीक खरेदीचा जुना बाजार. चारशे रुपये रोख, लहान पाकिटात, यूपीआय अजिबात वापरायचं नाही, मेट्रोचे पैसे वेगळे. आणि कुणाला सोबत न्यायचं नाही, कारण सोबत कुणी असलं की त्यांची खरेदी होते. हा रिव्ह्यू त्या दुपारचा आहे. पुण्यातल्या बायकांना तुळशीबाग काय ते मी सांगायची गरज नाही, पण हात तंग असताना मन हलकं करायला म्हणून ती कशी आहे हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून लिहितेय.

जायचं कसं ते आधी. आता स्वारगेटची मेट्रो जमिनीखालून सुरू झाल्यापासून मंडई स्टेशनला उतरायचं, वर आलं की मंडई, आणि तिथून पाच-सात मिनिटं चालत. पूर्वी गाडी घेऊन जायचं म्हणजे पार्किंग शोधण्यातच निम्मा उत्साह संपायचा, ते आता राहिलं नाही. मी दुपारी साडेबाराच्या सुमाराला पोचले आणि ही वेळ मी सगळ्यांना सुचवेन. संध्याकाळी पाचनंतर पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदारांनाही बोलायला वेळ नसतो. सकाळी लवकर गेलात तर वेगळा फायदा, पहिलं गिऱ्हाईक असलात आणि भवानी व्हायची असली तर थोडं कमी करून देतात. पण मला भाव कमी करून घ्यायचाच नव्हता त्या दिवशी, मला फक्त बघायचं होतं.

आणि बघण्याबद्दलच आधी लिहिते, कारण तेच फुकट आहे आणि तेच सगळ्यात जास्त कामाला येतं. आत शिरलं की पहिले केसांचे चाप, क्लिपा, रबरं, मग कानातली, मग बांगड्या, मधेच रुमाल, परकर, गाऊन, सेफ्टी पिना, टिकल्यांची पाकिटं, नेलपेंटचे ट्रे, पुढे किसण्या, सोऱ्या, झारे, चाळण्या, पुरणयंत्रं. एका टिकलीवाल्याकडे मी दहा मिनिटं नुसती उभी होते, इतक्या बारीक बारीक डिझाइनच्या टिकल्या, चंद्रकोर, चंद्रकोरीत ठिपका, नुसती काळी रेघ, आणि त्याने एकदाही "घेणारेत का ताई" असं विचारलं नाही. मॉलमध्ये मला असं उभं राहता येत नाही, तिथे कुणीतरी लगेच "मॅडम काही हेल्प हवी का" करत मागे येतं आणि मग आपल्या चपलांकडे आपलंच लक्ष जातं. इथे माझ्या एका बाजूला बॉबकट केलेली कॉलेजची मुलगी होती, दुसऱ्या बाजूला नऊवारीतल्या आजी होत्या, तिघी एकाच ट्रेमध्ये हात घालून बघत होतो. आजींनी मला एक कानातलं दाखवून विचारलं "हे नातीला चालेल का, ती जीनवर घालते." मी म्हटलं चालेल. त्यांनी घेतलं. एवढंच बोलणं, पण आठवडाभरात फीचा विषय सोडून मी कुणाशी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

आता बांगड्या. यासाठी खरं तर हा सगळा लेख.

माझ्या हातात गेली दोन वर्षं काचेच्या बांगड्या नव्हत्या, कीबोर्डवर वाजतात म्हणून काढल्या त्या काढल्याच. आतल्या बाजूला एका लहानशा गाळ्यात एक मावशी बसल्या होत्या, पासष्टीच्या असतील, मी म्हटलं "मावशी, रोजच्या साध्या बांगड्या दाखवा, दोन-सहा." त्यांनी बांगड्या काढायच्या आधी माझा हात हातात घेतला, चार बोटं एकत्र दाबून बघितली, अंगठ्याच्या खालचं हाड चाचपलं आणि म्हणाल्या, "दोन-सहा सैल होतील तुला, कोपरापर्यंत जातील, दोन-चार भरते." मला वाटलं शक्यच नाही. ज्यांना हे आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी, दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास, दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, दोन-आठ म्हणजे बरोबर अडीच. एका मापात आणि पुढच्या मापात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भागच काय तो फरक, पण हातात तो खूप मोठा असतो.

"हात सैल सोड. माझ्याकडे बघू नको, तिकडे रस्त्याकडे बघ." मी रस्त्याकडे बघितलं. त्यांनी अंगठा आत वळवला, हाडावरून एक एक बांगडी अशी सरकवली की मला फक्त काचेचा गार स्पर्श कळत होता. दुखलं नाही. सातवी का आठवी बांगडी फुटली, कट्ट असा आवाज आला आणि मी लगेच "अरे, त्याचे पैसे घ्या हं" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "भरताना वाढवली ती माझी, हातात गेल्यावर तुझी." वाढवली म्हणाल्या, फुटली नाही म्हणाल्या. हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता, आमच्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणायचंच नाही, मला तो शब्द किती वर्षांनी ऐकायला मिळाला. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खरंच आलं, आणि मावशींना ते दिसलं असणार पण त्यांनी काही विचारलं नाही, फक्त दुसरा हात पुढे घेतला. गावाकडे आजी बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायची, आम्हाला पण करायला लावायची, तेव्हा कळायचं नाही का. मी वाकून केला. त्या म्हणाल्या "सुखी राहा गं."

दोन डझन, गडद जांभळ्या, चाळीस रुपये डझन. ऐंशी रुपये. भरणावळ वेगळी घेतली नाही. काचेच्या बांगड्या बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात, म्हणजे माल तोच सगळीकडे, ऑनलाइनसुद्धा मिळतो, डब्यात पॅक होऊन येतो. पण तो डबा माझा हात हातात घेणार नाही. मी ज्या आठवड्यात गेले होते त्या आठवड्यात मी सगळ्यांचं करत होते, डबे, कपडे, होमवर्क, सासऱ्यांच्या गोळ्या, आणि तिथे दहा मिनिटं कुणीतरी माझं करत होतं, तेसुद्धा ऐंशी रुपयांत आणि न विचारता. पार्लरमध्ये पण हेच मिळतं म्हणा, पण पार्लरचं बिल चारशेत बसत नाही आणि तिथे अर्धा वेळ "मॅडम फेशियल करून घ्या, स्किन ड्राय झालीय" ऐकण्यात जातो.

त्यानंतर घेतलेल्या गोष्टी पटापट सांगते. केसांचे दोन मोठे चाप, पन्नासला दोन, एक आत्ताच लावलाय, स्प्रिंग घट्ट आहे. ऑक्सिडाइज्डची छोटी झुमकी साठ रुपये. ही कानातली स्वस्त असतात पण महिन्या-दोन महिन्यांत काळी पडतात आणि कुणाकुणाच्या कानाला खाज येते, त्यावर उपाय म्हणजे घरी आल्यावर कानात जाणाऱ्या दांडीला बिनरंगाच्या नेलपेंटचा एक हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, माझी आधीची एक जोडी अशी वर्षभर टिकली. आणि चौथी वस्तू चहाची गाळणी, चाळीस रुपये, स्टीलची, बारीक जाळीची.

गाळणी म्हणजे मूड चांगला करायची वस्तू आहे का असं कुणी विचारेल. आहे. आमची जुनी गाळणी कडेने उसवली होती, रोज सकाळी सहाला चहात पत्ती यायची आणि दिवसाची सुरुवातच चिडचिडीने व्हायची, आणि पैसे नसतात तेव्हा अशा वस्तू बदलायच्या राहतातच कारण "चालतंय ना अजून". माझं आता असं ठाम मत झालंय की तंगीत मनासाठी खरेदी करायची तर एक वस्तू आजच्या आज अंगावर घालता येईल अशी घ्यावी आणि एक अशी जी रोज आपल्याला टोचत असलेली बारीकशी गोष्ट थांबवेल. दुसरीचा आनंद जास्त दिवस पुरतो. आज तीन आठवडे झाले, रोज सकाळी चहा गाळताना मला बरं वाटतं.

न घेतलेलं पण सांगायला पाहिजे. एक नथ होती, दाबाची, म्हणजे नाक टोचलेलं नसलं तरी चालते ती, मोती बारीक आणि बांधणी इतकी सुबक, साडेतीनशे सांगितले. मी हातात घेतली, आरशात लावून बघितली, त्या दादांनी आरसा नीट धरला. फोन पर्समध्येच होता आणि स्कॅनरचा कोड समोरच्या खांबावर. पण रोख तेवढी नव्हती, आणि ती नथ घालून जायला मला कुठलं लग्न नाही सध्या, मी ठेवून दिली आणि सांगितलं दादा नंतर येते. ते म्हणाले "या ना, दिवाळीला नवीन माल येतो." तोंड वाकडं केलं नाही. वीस मिनिटांनी मला नथ आठवतसुद्धा नव्हती, तीच ॲपवर बघितली असती तर त्यांनी चार दिवस मला तिचे फोटो पाठवले असते, "तुमची आवडती वस्तू संपत आलीय" वगैरे.

मग देवळात गेले. कितीतरी जणांना माहीतच नाही की बाजाराच्या मधोमध रामाचं देऊळ आहे, लहानशा दारातून आत गेलं की एकदम अंगण लागतं आणि बाहेरचा गोंगाट कमी होतो. इथे आधी खासगीवाल्यांची तुळशीची बाग होती, पेशवाईत नारो अप्पाजी खिरे यांनी तिथे 1761 मध्ये देऊळ बांधायला घेतलं, त्यावरून त्यांचंच आडनाव पुढे तुळशीबागवाले झालं. 1761 म्हणजे पानिपताचं वर्ष. जानेवारीत पानिपत झालं, पुण्यात घराघरात कुणी ना कुणी गेलेलं, आणि त्याच वर्षात इथे कुणीतरी बाग साफ करून देवळाचा पाया घालत होतं, हे मला तिथे पायरीवर बसल्यावर आठवलं आणि बराच वेळ डोक्यात राहिलं. देवळाच्या आवारातच पितळेच्या देवांची, समयांची, आणि भातुकलीची दुकानं आहेत. तांब्या-पितळेची एवढी एवढीशी भांडी, बंब, जातं, पाटा-वरवंटा, शेगडी, खलबत्ता, सगळं मुठीत मावेल असं. घेतलं काही नाही, सेटचे भाव माझ्या आवाक्यातले नव्हते, पण एक एक उचलून बघायला कुणी नाही म्हणत नाही. माझ्या लहानपणीचा बंब आईच्या कपाटात अजून आहे, घरी येऊन तिला फोन करून विचारलं.

उरलेल्या पैशात कावरेंचं आइस्क्रीम खाल्लं. एकटीने. बसून. मुलीशिवाय आइस्क्रीम खाल्लं याचं मला वाईट वाटलं नाही हे मुद्दाम लिहून ठेवते. मस्तानी खायची इच्छा होती पण तेवढं बजेट नव्हतं, साधं आंब्याचं घेतलं, गोड बेताचं आणि आंब्याची चव खरी. बाहेर पडताना मंडईच्या बाजूला वीस रुपयांचा मोगऱ्याचा गजरा घेतला, मोगरा संपतच आला होता, कळ्या लहान होत्या पण वास भरपूर. मेट्रोत सगळ्या डब्याला वास येत होता, शेजारच्या एका बाईने विचारलं कुठून घेतला. घरी आले तेव्हा पाकिटात साठ रुपये शिल्लक होते.

आता तक्रारी, कारण सगळं गोड गोड लिहून उपयोग नाही.

एक, आत अरुंद बोळ आहेत आणि गर्दीत पाकीट मारलं जाऊ शकतं, पर्स पुढे घ्या, चेन लावा, मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका. दोन, बसायला जागा नाही, आणि स्वच्छतागृह शोधत मला बरंच फिरावं लागलं, इतक्या बायका, लहान मुलं, म्हाताऱ्या जिथे रोज येतात तिथे ही सोय डोळ्यांसमोर पाहिजे, याबद्दल मला मनापासून राग आहे. तीन, बदलून देण्याबाबत प्रत्येक दुकानाचं वेगळं. मागे एकदा एका भांड्यांच्या दुकानातून डबा घेतला, घरी येऊन बघते तर झाकण बसतच नाही, परत नेला तर "बिल कुठंय" म्हणाले, आणि बिल त्यांनी दिलंच नव्हतं. तेव्हापासून डबा, कुकरची रिंग, बाटली, काहीही असो, तिथेच झाकण लावून, फिरवून, उलटं करून बघायचं. कपडे घेत असाल तर शिलाई उलटी करून बघा, ओढून बघा, परकराचा कपडा उजेडात धरा. चार, सगळीकडे घासाघीस चालत नाही, जिथे फिक्स रेटची पाटी आहे तिथे उगाच हुज्जत घालू नका, आणि वीस रुपयांच्या वस्तूला दहा करा म्हणणं मला तरी बरोबर वाटत नाही, तो माणूस सकाळपासून उभा असतो.

दिवस निवडताना पण जपा. गणपतीच्या दिवसांत तुळशीबागेचा मानाचा चौथा गणपती तिथेच बसतो, तेव्हा खरेदीसाठी जाऊच नका, दर्शनाला जा. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दोन दिवसांत पेठांमधले रस्ते बंद असतात, तेव्हा पण नको. आणि दिवाळीच्या आधीचे दोन रविवार माझ्या मते मन हलकं करायला गेलात तर जड होऊन याल.

काही मैत्रिणींनी विचारलं की मग बोहरी आळी का नाही, तिथे आणखी स्वस्त. स्वस्त आहे, पण तो होलसेलचा बाजार आहे, बऱ्याच ठिकाणी पाकीटच्या पाकीट घ्यावं लागतं, आणि बारा चाप घेतल्याने बारापट बरं वाटत नाही. फर्ग्युसन रस्ता तरुण मुलींसाठी छान, पण तिथे मला प्रत्येक गोष्ट "ट्राय करा" म्हणणारा आवाज थकवतो. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घ्यायची असतील तर तो मात्र तोडीस तोड पर्याय आहे, शंभर रुपयांत महिनाभराची सोबत मिळते. ते पुढच्या वेळी.

एक अजून, ज्यांची तंगी खरंच गंभीर आहे, म्हणजे रेशन, औषधं, भाडं यालाच पैसे नाहीत, त्यांना मी चारशे घेऊन जा असं सांगणार नाही. पण जायला पैसे लागत नाहीत. पाच रुपयांचं टिकलीचं पाकीट घेऊन सुद्धा त्या सगळ्या रंगांमधून दोन तास फिरता येतं आणि देवळाच्या पायरीवर बसता येतं. माझी आई, बाबांची गिरणी बंद होती त्या वर्षी, मला घेऊन तुळशीबागेत यायची आणि काही न घेता परत जायची, मला तेव्हा वाटायचं ही घेत का नाही. परतताना ती बसमध्ये गुणगुणायची.

माझे स्टार पाचपैकी चार, एक स्वच्छतागृहासाठी कापला.

चोवीसपैकी आता एकवीस राहिल्यात हातात, दोन कुकर घासताना वाढवल्या आणि एक मुलीने बघू बघू करताना. श्रावणाच्या आधी परत जाणार आहे त्याच मावशींकडे, हिरव्या भरायला. आईला पण नेणार, तिला दोन-आठ लागतात असं ती म्हणते, मावशी काय म्हणतात बघू.